चार निळ्या चासी

“माफीनामा मी लिहिणार नाय. बाकी काय विचारायचं ते विचारा.”

छावणी भागातल्या एका लहानशा ऑफिसात आशाबाई अजून खुर्चीवर बसलीसुद्धा नव्हती. खासगी तपासाचं काम करणाऱ्या तनुजा वाघमारेला असे अशील आवडत. रडत येणाऱ्यांना आधी पाणी पाजावं लागतं, आणि त्यात अर्धा तास जातो.

“कोणी मागितलाय माफीनामा?” तिनं विचारलं.

“मालकानं. आज पाच वाजेपर्यंत सही पायजे. नसता रंगखातं बंद, अन् माझ्या हाताखालच्या दहा बायका घरी.”

वाळूजच्या एका कारखान्यात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांच्या चासी, म्हणजे खालचे लोखंडी सांगाडे, बनत. आशाबाई वीस वर्षं तिथं रंगकाम करत होती आणि आता रंगखात्याची प्रमुख होती. मागच्या वर्षी तिनं मालकाशी, पुंडलिकरावांशी, भांडून ऑइल पेंट बंद पाडला होता.

“ट्रॉलीत युरिया जातो, शेणखत जातं. ऑइल पेंट कसा टिकंल? मी म्हटलं, आधी लोखंडाला ब्लास्टिंग, वाळूच्या माऱ्यानं गंज साफ, मग इपॉक्सीचा थर, वरून पॉलियुरेथेनचा. दोन डब्यांचा रंग आहे, दुसऱ्यातला हार्डनर मिसळला की घट्ट होतो. महाग पडतो, पण एकदा वाळला की लोखंडाला सोडत नाय. आता लासूर स्टेशनहून चार चासी परत आल्यात. दोन महिन्यात पापुद्रे! गेटावर नोटीस लावली की आशाबाईची निवड चुकली.”

“चुकली असेल तर?” कोपऱ्यातून बन्सीकाकांनी विचारलं. हे निवृत्त हवालदार तनुजाचे मदतनीस होते. त्यांचा संशय नेहमी समोर बसलेल्या माणसावरच जाई.

आशाबाईनं त्यांच्याकडे असं पाहिलं, की त्यांनी चष्मा पुसायला घेतला.

“ह्या चार चासी तुम्हीच रंगवल्या होत्या?” तनुजानं विचारलं.

“चासीच्या कार्डावर माझं नाव आहे. पण दिवसाला चाळीस चासी जातात ताई. कोणती कोणाची, शपथ कशी घेऊ?”

दुपारी दोनला तिघं वाळूजला पोचली. आवारात त्या चार निळ्या चासी उन्हात पडल्या होत्या. रंगाचे पापुद्रे सुटले होते आणि खाली लालभडक गंज होता. मागच्या टोकाकडून पुढच्या, ट्रॅक्टरला जोडायच्या कडीकडे रंगाचे जाड ओघळ गेले होते. मागच्या टोकाला दोन भोकं होती, त्यांच्या आत तर रंग पोचलाच नव्हता.

“हे ओघळ बघा की मॅडम. काम कच्चंच आहे,” बन्सीकाका म्हणाले.

“तो चिखल जरा पुसा काका. थिनर घ्या.”

बन्सीकाकांनी फडकं घासलं. चिखल गेला, पण बोटं निळी झाली. ते पुटपुटत दोघींच्या मागोमाग आत गेले. रंगखात्यात कालच्या चासी टांगलेल्या होत्या. पुढची कडी एकाच मोठ्या हुकात अडकवलेली आणि शेपूट, म्हणजे मागचं टोक, जमिनीकडे.

“अशाच टांगता?” तनुजानं विचारलं.

“वीस वर्षं. काही ओघळलंच तर खाली मागं जातं, तिथं दिव्याची पट्टी बसते, ओघळ झाकला जातो. कडीच्या आतला भाग मी हातानं, ब्रशनं मारते.”

“मागच्या महिन्यातली एखादी आहे?”

आशाबाईनं कोपऱ्यातली नमुन्याची चासी दाखवली. तनुजानं काकांना तीही पुसायला लावली. काकांनी नवं फडकं घेऊन दणकून घासलं. फडकं पांढरं ते पांढरंच राहिलं.

खरेदी विभागाचा अतुल सरळ बोलला. “मी ह्या महागड्या रंगाच्या पहिल्यापासून विरोधात होतो. लपवत नाही. पण वर्षभरात ऑइल पेंटचा एक डबा मागवलेला नाही. उरलेले डिस्पॅचला, माल पाठवणाऱ्या खात्याला दिले, ट्रॉल्यांवर नावं लिहायला.”

लासूरचा विक्रेता कडूबा भांडायलाच आला होता. “पंधरा एप्रिलला गाडी आली. माझ्याकडं क्रेन नाय का काय नाय. आठ गडी लावून उतरवल्या. ह्या चारींनी सगळ्यांचे हात निळे केले, पार मनगटापोत्तर! बाकीच्या आठ मात्र कोरड्या. अजून झकास चालू आहेत त्या.”

“तुम्ही वरून रंग दिला नाही ना?”

“मी कशाला दिऊ? मला काय हौस आली व्हय?”

डिस्पॅचचा प्रमुख सुदर्शन एका उपड्या निळ्या डब्यावर बसला होता. त्याच्या डोक्यावर माल उचलायची दोन हुकांची चेनपुली होती. मागच्या दोन भोकांत हुक घालून माणसं एक चासी उचलत होती. शेपूट वर जाऊन ती ट्रकवर चढली.

“बारा तारखेला रंगवल्या, पंधराला गेल्या,” तो म्हणाला. “कार्ड आम्हीच भरतो. नाव तिचंच आहे.”

“तेरा-चौदाला?”

“तेराला तिची सगळी माणसं रजेवर. चौदाला जयंती, कारखाना बंद. फक्त डिस्पॅच चालू होतं. लासूरची गाडी भरायची होती ना.” तो हसला. “दोन डब्यांचा रंग, म्हणे! रंग तो रंग.”

पावणेपाचला सगळे पुंडलिकरावांच्या केबिनमध्ये जमले. टेबलावर टाइप केलेला माफीनामा आणि त्यावर पेन ठेवलेलं होतं.

“सही नको,” तनुजा म्हणाली. “काका, हात दाखवा.”

बन्सीकाकांनी ओशाळून निळी बोटं पुढं केली.

“इपॉक्सी-पॉलियुरेथेन एकदा पक्का झाला की थिनरनं असा सुटत नाही. आशाबाईच्या चासीवर फडकं पांढरं राहिलं, ह्या चारींवर निळं झालं. म्हणजे ह्यांना तिनं निवडलेला रंग लागलेलाच नाही. हा ऑइल पेंट आहे.”

“मग अतुल…” पुंडलिकराव म्हणाले.

“थांबा. कार्डावर बारा तारीख आहे. एप्रिलच्या उन्हात तीन दिवसांत ऑइल पेंटही वाळतो. मग पंधराला आठ माणसांचे हात निळे कसे झाले? आदल्या दिवशीच रंग मारला म्हणून. चौदाला. त्या दिवशी आशाबाई कुठं होती?”

“क्रांती चौकात, मिरवणुकीत,” आशाबाई म्हणाली. “दहाच्या दहा बायका बरोबर होत्या.”

“आता ओघळ. बन्सीकाकांनी ते कच्चं काम म्हणून पाहिलं. मी दिशा पाहिली. आशाबाई पुढची कडी वर करून टांगते, तिचे ओघळ शेपटाकडे जातात. ह्या चारींचे शेपटाकडून कडीकडे आलेत. म्हणजे त्या उलट्या टांगल्या होत्या, मागच्या दोन भोकांत हुक घालून. तिथं हुक होते म्हणून आत रंग गेला नाही. कडूबांकडे क्रेन नाही. अतुलकडे नुसतं टेबल आहे, हुक नाहीत. दोन हुकांची चेनपुली, जुने निळे डबे आणि चौदा तारखेला उघडं खातं, तिन्ही एकाच ठिकाणी आहेत.”

सगळे सुदर्शनकडे वळले.

“गाडीत चार चासी कमी पडत होत्या,” तो शेवटी म्हणाला. “वेल्डिंग खात्यातून बिनरंगाच्या उचलल्या. ब्लास्टिंगला वेळ नव्हता. सुट्टीतल्या एका दिवसासाठी हिच्यापुढं हात जोडायचे होते का?”

“अन् परत आल्यावर माझ्या गळ्यात घातल्या,” आशाबाई म्हणाली. तिनं पदर डोळ्याला लावला नाही.

पुंडलिकरावांनी माफीनामा फाडला. “झालं गेलं विसरा आशाबाई. गेटावरची नोटीस आत्ता काढायला सांगतो.”

“नगा काढू.”

“काय?”

“पंधरा दिवस सगळ्या वाळूजनं ती वाचली. आता गुपचूप काढली तर लोक म्हणतील, मालकानं दया केली. मला दया नगं. ती राहू द्या. तिच्या शेजारी दुसरी लावा. कोणी रंगवल्या, कधी रंगवल्या, सगळं लिवा. खाली तुमची सही. दोन्ही वाचू द्या लोकांना.”

पुंडलिकरावांनी माफीनाम्यासाठी ठेवलेलं पेन स्वतः उचललं.

आशाबाईनं डोक्याला रुमाल बांधला आणि दारात उभी राहून सुदर्शनकडे पाहिलं.

“चल. चारी चासी खरवडून दे मला. लोखंड पांढरं दिसेस्तोवर. रंग मी मारीन.”