पापणीघर

ही गोष्ट २०६१ सालच्या हिवाळ्यातली. त्या वर्षी थंडी लवकर पडली होती आणि जळगावजवळच्या एका गावात द्वारकाबाई बऱ्हाटे यांच्या भरीत-केंद्रासमोर दिवाळीपासूनच तीन तासांची रांग लागत होती. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली जात, त्या धुराचा वास सडकेपर्यंत येई. रांगेत शिरणाऱ्याच्या हातात द्वारकाबाई कांद्याच्या पातीची जुडी देत. "उभे आहात तर निवडा." कलेक्टर असो की ट्रकवाला, पात निवडल्याशिवाय ताट मिळत नसे. त्या रांगेत भावाभावांची भांडणं मिटली होती, दोन-तीन सोयरिकीही जमल्या होत्या.

त्याच गावच्या डॉ. निरुपमा सरोदे यांनी आपला मंदकाल-कक्ष पहिल्यांदा लोकांसाठी उघडला तो इथेच. एकेका माणसापुरते शंभर खण.

"बाहेर दहा वर्षं गेली की आत एक तास जातो," त्यांनी गावकऱ्यांना सांगितलं. "मग तीन तासांची रांग केवढी? पापणी लवते तेवढी."

लोकांनी त्याला पापणीघर म्हणायला सुरुवात केली. रांग नाहीशी झाली. महिनाभर कौतुक चाललं.

मग ताटं अर्धवट परत येऊ लागली. पूर्वीची चव राहिली नाही, असं लोक तोंडावर बोलू लागले. पंच्याहत्तर वर्षांच्या द्वारकाबाईंनी ते जिवाला लावून घेतलं. त्यांनी लहानाची मोठी केलेली नात रेवा आदल्या वर्षी शनीच्या टायटन या चंद्राकडे निघाली होती. ती येणार २०७२ मध्ये. "आजी, आल्यावर पहिला घास तुझ्या भरताचा," असं सांगून गेली होती.

"नीरू, माह्या हाताची चव गेली वं," द्वारकाबाई म्हणाल्या. "संक्रांतीला चूल बंद करते. असलं भरीत पोरीच्या ताटात घालू काय?"

निरुपमाने यावलचे शरीरशास्त्रज्ञ डॉ. इक्बाल तडवी यांना बोलावलं. आठ दिवसांनी ते प्रयोगशाळेत कागद घेऊन आले.

"भरतात काही फरक नाही. जुन्या नोंदी आणि आजचा नमुना, दोन्ही सारखे. फरक गिऱ्हाइकात आहे. खणातून बाहेर आलेल्या साठ जणांच्या रक्तातलं भुकेचं संप्रेरक बघ."

"इतकं कमी? जेवायच्या वेळेला?"

"आपल्या माणसाला पक्कं ठाऊक आहे की द्वारकाबाईंकडे तीन तास लागतात. म्हणून तो घरून बशीभर पोहे आणि दोन केळी खाऊन निघतो. आधी ते रांगेत जिरायचं. आता तो खणात बसतो, पापणी लवते, की पोह्यांवर भरीत!"

निरुपमाने कागद खाली ठेवला. "तीन तास बाहेर गेले. पोटात गेलेच नाहीत."

"तू रांग काढलीस, बाई. तिच्याबरोबर भूकही निघाली."

हे ऐकून द्वारकाबाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "मेले घरून हादडून येतात, अन् नावं माह्या हाताला ठेवतात!"

नव्व्याण्णव खण परत गेले. शंभरावा निरुपमाने मुद्दाम ठेवला होता.

"मावशी, तुम्हीच आत बसा. रेवा येईल तेव्हा तुम्ही तासाभरानंच म्हाताऱ्या झालेल्या असाल."

द्वारकाबाईंनी पुन्हा उभ्या राहिलेल्या रांगेकडे पाहिलं. कुणाचं तरी तान्हं पोर एका हातातून दुसऱ्या हातात फिरत होतं.

"ह्या पोराचं लगन झालं तरी मी आतच? नाही वं. थांबायचं तर जागेपणी थांबेन." मग त्या हळूच म्हणाल्या, "पण भरताला कुठं कुणाची लग्नं पाहायची आहेत?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः वांगी निवडली, भाजली, ठेचली. गरम भरताची जाड पितळी हंडी झाकण लावून खणात ठेवली आणि दार लावलं.

२०७२ च्या हिवाळ्यात रेवा परतली. द्वारकाबाई शहाऐंशी वर्षांच्या होत्या. बोटं वाकली होती, मुसळ धरवत नव्हतं. नातीला त्यांनी पोटाशी धरलं, तोंडावरून हात फिरवला. रेवा थेट आत निघाली, तर आजीने दंड धरला.

"कुठं चालली? रांग आहे."

"आजी, बारा वर्षांनी आले मी!"

"मग तीन तासांनी काय होतं?" असं म्हणत त्यांनी पातीची जुडी तिच्या हातात दिली.

लोक पुढे जा म्हणत होते, आजी जाऊ देत नव्हती. स्वतःही उपाशी, नातीशेजारी खुर्ची टाकून पात निवडत बसली होती. दोघींनी बारा वर्षांच्या गोष्टी तिथेच सांगितल्या.

मग निरुपमाने खणाचं दार उघडलं. आत एक तास आणि वर सहा मिनिटं गेली होती. झाकण काढताच वाफ आली, काड्यांच्या धुराचा वास आला. रेवाने घास घेतला आणि लगेच दुसरा मोडला. द्वारकाबाईंनी त्याच ताटातला एक घास तोंडात घातला. सावकाश चावला.

"होती वं," त्या म्हणाल्या. "होती हातात चव."

डॉ. तडवी निवृत्त होऊन यावललाच राहिले. रविवारी ते अजून रांगेत दिसतात, घरून उपाशी आलेले. निरुपमाचे बाकीचे खण आता इस्पितळांत आहेत. दान केलेली मूत्रपिंडं त्यांतून देशभर ताजी पोचतात. द्वारकाबाई आणखी पाच वर्षं रांगेशेजारी खुर्ची टाकून बसल्या आणि एका सकाळी शांतपणे गेल्या. चूल रेवा सांभाळते.

रेवा परतली त्या दिवशी हंडीत अर्धं भरीत उरलं होतं. ते रेवाने त्याच दिवशी परत खणात ठेवलं. तिची मुलगी अजून लहान आहे. तिला तिखट खाता येऊ लागलं की दार उघडायचं ठरलं आहे.