ओरखड्याखालचं लोखंड

रंग वरून अगदी नवा कोरा दिसत होता. निळा आणि चकचकीत. तरीही त्याच रंगाखाली रुग्णवाहिकेचा जाडजूड लोखंडी दांडा बिस्किटासारखा मोडला होता. असं कसं झालं, ते सुनीतीला कळेना.

सुनीतीची आई देवगडजवळच्या किनाऱ्यावर विजेवर चालणारी रुग्णवाहिका चालवायची. ओहोटी असली की ती ओल्या वाळूवरूनही जायची आणि रस्ता नसलेल्या वाड्यांपर्यंत पोहोचायची. रुग्णाला स्ट्रेचरसकट उचलून आत घेणारा दांडा काल ऐन वेळी मोडला आणि स्ट्रेचरवरच्या रुग्ण शेवंताबाई कलंडल्या. मनगट मुरगळलं, एवढ्यावर निभावलं.

आज तो तुकडा घेऊन सुनीती मोंतेरो आजोबांच्या गॅरेजमध्ये आली होती. आजोबा निवृत्त धातुशास्त्रज्ञ (धातूंचा अभ्यास करणारे) होते.

"तो रंग मी फवारला होता," सुनीती खाली बघत म्हणाली. "दिवाळीच्या सुट्टीत. दुकानातला सगळ्यात जाड रंग मीच निवडला. आईनं माझ्यावर सोपवलं होतं."

आजोबांनी तिच्या हातात भिंग दिलं. "मोडलंय त्याच्या जरा वर बघ."

"एक ओरखडा आहे. केसाएवढा."

"चाकाखालून खडा उडाला असणार. आता तिथे नख घाल."

रंगाचा पापुद्रा सालीसारखा निघाला. खाली तळहाताएवढ्या भागात तांबूस भुगा पसरला होता.

"लोखंड, पाणी आणि हवेतला प्राणवायू एकत्र आले की गंज धरतो," आजोबा म्हणाले. "त्यात समुद्राचं मीठ असलं की हे काम भराभर होतं. तुझा रंग म्हणजे रेनकोट. चांगलाच होता तो. पण एकदा फाटल्यावर पाणी आत शिरलं आणि आतल्या आत पसरत गेलं. तू निष्काळजीपणा केला नाहीस, पोरी. ओरखडा पडल्यावर काय होईल, एवढाच विचार करायचा राहिला."

सुनीतीला जरा मोकळं वाटलं. पण काळजी संपली नव्हती. नवा दांडा दहा दिवसांनी यायचा होता आणि तोही गंजला, तर गाडी घाटावर पाठवून देऊ, असं आईच्या वरिष्ठांनी सांगितलं होतं. मग वाड्यांमधल्या माणसांनी जायचं कशातून?

कोपऱ्यातला ठोक्या पुढे आला. ठोक्या हा गॅरेजचा यंत्रमानव. "फवारण्यासाठी माझ्याकडे तीन पर्याय आहेत," तो एकसुरात म्हणाला. "जाड रंग, मेण आणि जस्ताची पूड ठासून भरलेला राखाडी थर. कोणता फवारू?"

"आपण लोखंडालाच विचारू," आजोबा म्हणाले.

ठोक्यानं लोखंडाच्या तीन पट्ट्या घासून लख्ख केल्या आणि प्रत्येकीवर एकेक थर फवारला. ते वाळल्यावर तिन्हींवर बारीक खडीचा मारा केला, सुईनं सारखाच ओरखडा काढला आणि पट्ट्या खाऱ्या धुक्याच्या पेटीत ठेवल्या. समुद्रकाठच्या हवेत कित्येक महिन्यांत होणारी झीज या पेटीत काही दिवसांतच दिसते.

सुनीती रोज शाळा सुटल्यावर येऊन वहीत टिपून ठेवायची. दुसऱ्या दिवशी रंगाच्या पट्टीवरचा ओरखडा तांबूस झाला. तिसऱ्या दिवशी मेणाची पट्टी गंजली. खडीच्या माऱ्यानं मेण जागोजागी निघून गेलं होतं. राखाडी पट्टी मात्र तशीच. सहाव्या दिवशी तिच्याही ओरखड्यात काहीतरी पांढरं दिसलं आणि सुनीतीचा चेहरा उतरला.

"ही पण गेली, आजोबा."

"लोखंडाचा गंज कोणत्या रंगाचा असतो?"

"तांबूस."

"मग हा पांढरा कोणाचा?"

सुनीतीनं भिंग घेऊन पट्टी पुन्हा पाहिली. "जस्ताचा?" तिनं हळूच विचारलं. "म्हणजे लोखंडाऐवजी जस्त गंजतंय?"

आजोबा हसले. "गंजताना धातू आपले इलेक्ट्रॉन (अणूतले ऋण विद्युतभाराचे अतिसूक्ष्म कण) गमावतो. जस्त ते लोखंडापेक्षा सहज देऊन टाकतं. दोन्ही धातू एकमेकांना टेकलेले असले आणि वर खारं पाणी असलं, तर जस्त लोखंडाला इलेक्ट्रॉन पुरवत राहतं. स्वतः झिजतं, पण लोखंड वाचतं. मात्र ते टेकलेलं हवं. जुन्या रंगावर किंवा गंजावर फवारलं तर उपयोग नाही."

दहाव्या दिवशी दांडा आला. काय फवारायचं ते आजोबांनी सुनीतीलाच ठरवायला सांगितलं.

"आधी घासून स्वच्छ करायचं. मग जस्त. जस्त उगाच झिजू नये म्हणून त्याच्यावर रंग," ती म्हणाली. मग तिनं पोकळ दांड्याला डोळा लावून आत पाहिलं. "आणि आतून मेण. आत खडे लागत नाहीत, पण दमट हवा शिरते."

ठोक्यानं काम सुरू केलं.

संध्याकाळी आई गाडी न्यायला आली. तिनं दांड्यावरून हात फिरवला. "किती वर्षं टिकेल, आजोबा?"

"जस्त संपेपर्यंत. दर पावसाळ्यानंतर थर मोजायला गाडी घेऊन ये."

सुनीती विचारात पडली होती. "जस्त संपत आलं की वरच्या थराचाच रंग बदलला तर? म्हणजे मोजावं लागणार नाही. लांबूनच कळेल."

"असा थर माझ्या यादीत नाही," ठोक्या म्हणाला.

"कोणाच्याच यादीत नसेल अजून," आजोबा म्हणाले आणि त्यांनी पेटी उघडून दिली. "नव्या पट्ट्या घासायला घे."