बोगद्यात काही नव्हतं

पटलं तर घ्या. पण हे माझ्या सख्ख्या ताईसोबत घडलंय. मंगळवारी, सकाळी अकरा वाजता, लख्ख उजेडात.

ताई एका प्रयोगशाळेत होती. तिथे माणूस सहज उभा राहील एवढा बोगदा आहे. त्यात आवाजापेक्षा जास्त वेगाने वारा सोडतात. त्या वाऱ्याच्या वाटेत काही आलं, की त्याच्या पुढ्यात हवेची कमान तयार होते. शॉक वेव्ह. भिंतींवरच्या सेन्सरचे आकडे घेऊन आतल्या वाऱ्याचं चित्र काढायला ताईने संगणकावरच्या एका न्यूरल नेटवर्कला शिकवलं होतं.

त्या दिवशी बोगदा रिकामा होता. नुसती चाचणी.

वारा सुटला. काचा थरथरल्या.

चित्रात मधोमध... कमान होती.

तिच्यामागे माणसाएवढी जागा वारा टाळत होता.

"काका, आत काही राहिलंय का हो?"

फिटरकाका तीस वर्षं तिथेच. "काही नाही गं. तुझं मशीन चळलंय."

"मी बघून येते."

"तू बस. मी जातो."

काका आत गेले. बुटांचा आवाज येत होता. टक... टक...

मग बंद.

"काका?"



ताई धावत दाराशी गेली. तर काका बाहेरच येत होते.

"कशाला ओरडतेस? कोणी नाही आत."

दार लावलं. पुन्हा वारा सोडला.

आता चित्रात... दोन कमानी.

दुसरीमागची आकृती एका खांद्याने झुकलेली. काकांचा डावा खांदा तसाच उतरता.

ताईने मान वळवली. काका तिच्या शेजारी उभे होते. एकटक स्क्रीनकडे बघत.

आठवड्याभरात तिने नोकरी सोडली.

"सेन्सर बिघडला असेल गं," मी म्हणालो. 

गेल्या महिन्यात तिचे कागद आणायला मी गेलो. काका टेबलफॅनसमोर बसले होते. मी त्यांच्या पाठीमागच्या खुर्चीवर टेकलो.

"ताई बरी आहे ना?" त्यांनी हसून विचारलं.

मी हो म्हणणार होतो.

पंखा फुल होता. वारा थेट माझ्या छातीवर येत होता... मध्ये कोणी बसलेलंच नसल्यासारखा.

काकांचा एकही केस हलत नव्हता.

कागद तिथेच टाकून मी निघालो. ताईला अजून सांगितलेलं नाही.

काका रोज कामावर जातात म्हणे. जेवतात, हसतात, बोलतात.

मग बोगद्यात आत कोण राहिलंय?