मागचं डावं दार

त्या रविवारी सकाळी मावशी सुयांची पेटी आणि मापाची फीत घेऊन शेडकडे निघाल्या, तेव्हा काम अगदी साधं होतं. एका जुन्या मोटारीच्या मागच्या सीटचं माप घ्यायचं आणि दुपारच्या जेवणाला घरी परतायचं.

सीटा शिवणं हा मावशींचा पिढीजात धंदा. त्यांचे वडील सिनेमागृहाच्या खुर्च्या भरायचे. वडिलांकडून मावशींनी हातोटी घेतली आणि एक म्हणणंही घेतलं : माणसाचं तोंड खोटं बोलतं, बैठक खोटं बोलत नाही. सीट नुसती पाहिली की वर कोण बसत होतं ते त्या सांगत. जाड की बारीक, आळशी की उतावळा, पाठीचं दुखणं आहे की नाही. गिऱ्हाइकं हसत, पण सांगितलेलं खरं निघे.

शेड होतं दातांच्या डॉक्टरांचं, त्यांच्या दवाखान्याच्या मागे. आठवडाभर लोकांच्या दाढा काढायच्या आणि रविवारी जुन्या मोटारींची हाडं बसवायची, हा त्यांचा छंद. जोडीला निवृत्त गणिताचे मास्तर. मास्तरांनी एका पुराण्या गाडीचं टप कापून, बॉनेट फेकून देऊन, तिच्यात भलतंच मोठं इंजिन कोंबलं होतं. लाल रंगाची ती गाडी सुरू झाली की पत्रे थरथरत. तिचं नाव पडलं होतं फटाकी. "चाळीस वर्षं वर्गात कुणाला आवाज करू दिला नाही," मास्तर म्हणत, "तो सगळा शिल्लक आवाज आता इथे काढतोय."

डॉक्टरांची नवी खरेदी मात्र फटाकीच्या अगदी उलट होती. लांब, काळी, चार दारांची, पोक्त. बावीस वर्षं एका बंद खोपटात उभी होती. मालक वारल्यावर पुतण्याने ती विकायला काढली. इंजिन दोन महिन्यांत बोलू लागलं, रंग चढला, पितळेच्या पट्ट्या चमकल्या. एकच खोड राहिली. गाडी मागच्या डाव्या कोपऱ्यात दोन बोटं बसलेली होती.

"चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे बदलले," मास्तर म्हणाले. "चाकं बदलली. फरशीला पाणसाळ लावून पाहिली. तरी ही आपली डावीकडे झुकतेय ती झुकतेच."

"म्हातारपणी कंबर जाते हो," मावशी म्हणाल्या आणि मागच्या बाजूला शिरल्या. उजव्या दारातून, कारण डावं उघडत नव्हतं. गंजलं असेल म्हणून सगळ्यांनी ते शेवटावर ठेवलं होतं.

आत जुन्या कापडाचा, थंड आणि थोडा गोडसर वास होता. मावशींनी माप घेतलं. मग आठ दिवस घरी बसून नवी सीट बांधली. नव्या स्प्रिंगा, वर तरटाचा थर, त्यावर काथ्या, कापूस आणि शेवटी गडद हिरवं कापड. पुढच्या रविवारी सीट बसवली, हात फिरवला. ढोलावर थाप मारावी तशी ती ताठ होती.

त्याच्या पुढच्या रविवारी सीटला खळगा पडला होता.

डाव्या टोकाला, दाराला चिकटून. मावशी बराच वेळ बघत राहिल्या.

"डॉक्टर, तुमचे पेशंट इथे येऊन झोपतात की काय?"

"शेडची किल्ली एकट्या माझ्याकडे आहे. आठवडाभर कुलूप काढलेलं नाही."

मावशींनी कापड एका कडेने उसवलं. काथ्या दबून चपटा झाला होता. तीन स्प्रिंगा पुढच्या बाजूला कलल्या होत्या. वर्षानुवर्षं कुणी रोज बसल्यावर व्हावं तसं. पण मावशींच्या मनात रुतलं ते वेगळंच. खळगा पाठीकडे नव्हताच, सीटच्या पुढच्या काठावर होता. सगळा भार डाव्या मांडीवर, दाराच्या बाजूला. असं कोण बसतं ते त्यांना पाठ होतं. उतरायच्या तयारीत असलेलं माणूस.

त्यांनी तळवा त्या जागेवर ठेवला आणि लगेच उचलला. शेड गार होतं. कापड कोमट होतं.

"मास्तर," त्या हळूच म्हणाल्या, "हिचं वजन करता येईल?"

गोदामापाशी मालट्रकांचा वजनकाटा होता. आभाळ भरून आलेलं, उजेड राखेसारखा. डॉक्टरांनी काळी गाडी काट्यावर चढवली आणि उतरून बाजूला झाले. काट्यावरच्या माणसाने खिडकीतून आकडा ओरडून सांगितला. तेराशे पस्तीस.

मास्तरांनी खिशातून गाडीबरोबर मिळालेलं जुनं माहितीपुस्तक काढलं, कागदावर टाकीतलं पेट्रोल धरलं, तेल धरलं, हत्यारांची पेटी धरली, मावशींची नवी सीटसुद्धा धरली. दोनदा बेरीज केली.

"पंच्याण्णव किलो जास्त भरतंय."

"काटा चुकत असेल," डॉक्टर म्हणाले.

मास्तरांनी फटाकी चढवली. तिचं वजन किलोला किलो बरोबर आलं.

खिडकीतला माणूस वैतागला. "अहो, मागचे पाहुणे उतरवा की आधी! मग वजन करा."

"कोण पाहुणे?"

त्याने मान तिरकी करून पुन्हा गाडीकडे पाहिलं. लगेच मान आत ओढली. खिडकी लावून घेतली.

त्या संध्याकाळी डॉक्टरांनी मालकाच्या पुतण्याला फोन लावला. काकांच्या गाडीत मागे कोण बसायचं, एवढंच विचारलं. पुतण्या साधा, भिडस्त माणूस. त्याने आढेवेढे न घेता सांगितलं. मागे आजी बसायची. काकांची आई. पायांत बळ नव्हतं तिच्या, आणि सवय अशी की गाडी थांबली की स्वतःच दार उघडून उतरू पाहायची. दोनदा पडली. तेव्हापासून काकांनी तिला बजावलं होतं : आई, मी येऊन हात देईपर्यंत उतरायचं नाही. ती ऐकायची. एकदा दवाखान्यात नेताना वाटेतच तिने मान टाकली. काकांना मागे वळून बघायचा धीर झाला नाही. अंधार पडेपर्यंत गाडी चालवत राहिले. शेवटी घरी आणली तेव्हा आजीला इतरांनी उचलून काढलं. काका चाक धरून बसून होते.

"म्हणजे हात कुणी दिलाच नाही," मावशी म्हणाल्या.

तिघे शेडमध्ये बसले होते. मास्तर कागदाकडे बघत होते.

"पुतण्या म्हणाला, आजी शेवटी काडी झाली होती. चाळीस किलोसुद्धा नसेल. आकडा जुळत नाही, मावशी."

"मेलेल्या माणसाचा आकडा कसला जुळवताय, मास्तर? ती काय फळ्यावरची बेरीज आहे?"

मास्तरांनी कागद घडी करून खिशात घातला. आणि मावशींच्या बोलण्यात धार का आली, हे दोघांनाही मावशींच्या भावाकडून ठाऊक होतं. मावशींची आई हॉस्पिटलात गेली तेव्हा मावशी दुकानात बसून सीट शिवत होत्या. घाईचं काम होतं. 'एवढा एक काठ मारते आणि निघते,' असं भावाला सांगितलं होतं. पोचल्या तेव्हा आईचा हात चादरीबाहेर तसाच पसरलेला होता, तळवा वर. अकरा वर्षं झाली. त्यावर त्या कधी कुणाशी बोलल्या नव्हत्या, आजही बोलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "दार उघडू या. मी हात देते."

पुढच्या रविवारी, साडेअकराच्या सुमारास, मास्तरांनी आतून डाव्या दाराचा पुठ्ठा काढला. आणि तिथेच थांबले.

"हे गंजलेलं नाही."

कुलपाच्या दांड्याला तांब्याची तार गुंडाळली होती. एकावर एक, घट्ट, पुन्हा पुन्हा, जशी जखमेला पट्टी बांधतात तशी. टोकं पक्कडीने पिळून आत दडवलेली.

"आजी स्वतः उघडेल या भीतीने बांधली असेल," डॉक्टर म्हणाले.

"असेल." मास्तरांनी कात्री लावली. तार तटकन तुटली. आवाज लहानच होता, पण शेडच्या पत्र्यांनी तो बराच वेळ धरून ठेवला.

मास्तर बाहेर आले. मावशींनी पदर खोचला, डाव्या दाराची मूठ फिरवली. दार काहीही न कुरकुरता उघडलं. आतून तोच थंड, गोडसर वास आला. हिरवं कापड रिकामं दिसत होतं. खळगा मात्र होता.

मावशी किंचित वाकल्या. आईला म्हणावं तसं म्हणाल्या, "या... घर आलं. हात धरा माझा. सावकाश..."

आणि उजवा हात पुढे केला.

क्षणभर काहीच झालं नाही. बाहेर रस्त्यावरून एक सायकल गेली. मग हातावर काहीतरी टेकलं.

मावशींनी म्हाताऱ्या बायकांचे हात पुष्कळ धरले होते. पातळ कातडी, सुटी हाडं, चिमणीसारखे हलके. हा हात तसा नव्हता. तळवा रुंद होता, कोरडा. बोटं आखूड आणि जाड. त्याने मावशींचा पंजा मुठीत घेतला, आवळला आणि त्याच्यावर सगळा भार टाकला. त्यांचा खांदा खाली ओढला गेला. गाडीचे पाटे करकरले. मागचा डावा कोपरा हळूहळू वर आला, दोन बोटं, आणि थांबला. मूठ आणखी थोडा वेळ तशीच राहिली. मग एकेक बोट सुटलं.

"गेली!" डॉक्टर टाळ्या पिटत म्हणाले. "मास्तर, पाणसाळ लावा! सुटली बिचारी!"

पाणसाळीतला बुडबुडा बरोबर मध्ये होता. दुपारी काट्यावर वजन घेतलं. पुस्तकाला तंतोतंत. डॉक्टरांनी सगळ्यांना चहा पाजला. मावशींनी कप डाव्या हातात घेतला होता. उजवा पदराखाली होता.

संध्याकाळी त्यांनीच पुतण्याला फोन केला. आजी सुटली, एवढं त्याला सांगावं. आणि खरं म्हणजे आणखी काहीतरी ऐकावं, ज्याने मनातलं जाईल.

पुतण्याने शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

"डावं दार?" तो म्हणाला. "आजी तर उजवीकडे बसायची. काकांच्या मागे."

"नेहमी?"

"नेहमीच. डावीकडे आम्ही कुणीच बसत नव्हतो. काका बसू द्यायचे नाहीत... ते दार त्यांनी आजीच्याही आधी बंद केलं होतं. का, ते कधी सांगितलं नाही." तो थांबला. त्याचा श्वास ऐकू येत होता. "मावशी, तुम्ही नुसतं उघडलंत ना? काही बोलला नाहीत ना?"

"या म्हटलं. घर आलं म्हटलं."



"...कुणाचं घर, ते सांगितलंत?"

"नाही."

"बरं," पुतण्या म्हणाला. "ठेवतो. फाटक वाजतंय."

त्यानंतर चार दिवस त्याने फोन उचलला नाही. मावशींनी डॉक्टरांच्या मागे लकडा लावला, तेव्हा पाचव्या दिवशी दवाखाना लवकर आटोपून ते स्वतः जाऊन आले. येताना मावशींच्या दुकानात डोकावले. मावशी एका सीटच्या कडेला टाके घालत बसल्या होत्या.

"अहो, ठणठणीत आहे तो! उगाच घोर लावून घेतलात." डॉक्टर स्टुलावर बसले. "जरा उतरल्यासारखा वाटला, एवढंच. आणि आत या म्हणाला नाही. दार अर्धं धरून उभा. मध्येच मागे वळून घरात बघायचा, ऐकल्यासारखं करायचा, मग माझ्याशी बोलायचा. असेल कुणी पाहुणा आत. पण तुमची चौकशी केली हं अगदी आपुलकीने. मावशी राहतात कुठे, एकट्याच असतात का."

मावशींची सुई थांबली. "सांगितलंत?"

"सांगितलं की. त्यात काय लपवायचं? निघताना पुन्हा हाक मारून थांबवलं. म्हणाला, एक विचारायचं राहिलं. आत गेला, बाहेर आला. म्हणे, मावशींनी तेव्हा हात दिला तो कोणता? उजवा की डावा?"

"तुम्ही काय सांगितलंत?"

"उजवा. मी समोरच उभा होतो ना." डॉक्टर हसले. "का हो, मावशी?"

मावशींनी सुई उजव्या हातातून काढून डाव्यात घेतली, आणि लहान मूल पहिल्यांदा शिवायला बसतं तसा एक वाकडा टाका घातला. मग दुसरा. डॉक्टर गेल्यावरही, उजेड सरेपर्यंत, त्या तसेच वाकडे टाके घालत राहिल्या. उजवा हात न्यायला कुणी यायच्या आत डाव्याला वळण लागायला हवं होतं.