मधले मजले

नगरपालिकेच्या यंत्रतपासणी खात्यात त्यांना सगळे कागदसाहेब म्हणत. इमारतींमधल्या गॅस गिझरचा धूर ज्या उभ्या पोकळीतून वर जातो, ती दरवर्षी तपासायची आणि दाखल्यावर सही करायची, हे त्यांचं काम. गच्चीवरचा पंखा हवा नीट ओढतो की नाही हे बघायला खात्याने एक उपकरण दिलं होतं. त्याने पहिल्याच वर्षी मान टाकली. तेव्हापासून साहेब खिशात पातळ पिवळ्या कागदाच्या पट्ट्या बाळगत. पट्टी न्हाणीघरातल्या जाळीसमोर धरायची. जाळीला चिकटली, तर हवा ओढते. नुसती लोंबकळली, तर विषारी धूर घरातच कोंडतो, गिझर बंद करायचा.

ही पट्टी प्रत्येक मजल्यावर धरावी असा नियम आहे. पण नियम लिहिणाऱ्यांचे गुडघे धडधाकट असावेत. खात्यातली रीत वेगळी होती. तळमजला बघायचा, शेवटचा मजला बघायचा आणि मधले धरून चालायचे. खालचं ओढतंय, वरचं ओढतंय, मग मधल्यांना काय धाड भरलीये? साहेबांना हे नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात शिकवलं गेलं, आणि बावीस वर्षं त्यांनी ते इमानेइतबारे पाळलं.

त्या दुपारी साडेतीनच्या सुमारास ते एका आठमजली इमारतीत शिरले. इथे यायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. दोन वर्षांपूर्वी चौथ्या मजल्यावरच्या एक निवृत्त शिक्षिका आंघोळीला गेल्या, त्या बाहेर आल्याच नाहीत. डॉक्टरांनी कारण लिहिलं, हृदय. वय झालेलं, बाई एकटी राहणारी, त्यामुळे कुणी खोलात गेलं नाही. साहेबही गेले नाहीत. पण त्याआधी काही महिने त्या बाईंचा खात्यात फोन आला होता, आणि तो नेमका साहेबांनीच उचलला होता.

"अहो, माझी जाळी बघायची दरवर्षी राहून जाते. गिझर लावला की डोकं जड होतं हो."

"पुढच्या खेपेला नक्की बघतो, बाई."

"बरं. मी थांबते."

आवाजात राग नव्हता. वर्गातल्या ढ मुलाला वेळ द्यावा, तशा त्या बोलल्या होत्या. तेव्हापासून एकच प्रश्न साहेबांची पाठ सोडत नव्हता. आपण चौथ्यावर गेलो असतो तर? उत्तर मिळेल या धास्तीने गेल्या वर्षीही ते त्या मजल्यावर उतरले नव्हते.

तळमजल्यावर पट्टी चटकन चिकटली. साहेबांनी फॉर्मवर खूण केली, लिफ्टमध्ये शिरून आठाचं बटण दाबलं, आणि लिफ्ट चौथ्यावर थांबली.

दारात एक तरुणी उभी होती. खांद्यावर तीनेक महिन्यांची मुलगी गाढ झोपलेली. "या ना साहेब. तुमच्यासाठी दार उघडंच ठेवलंय."

"मला आठव्यावर जायचंय..."

"त्या बाई म्हणाल्याच तसं!" तरुणी हसली. "म्हणाल्या, साहेब येताहेत, पण हाक मारून थांबवा, नाहीतर तसेच वर निघून जातील."

"कुठल्या बाई?"

"इथल्याच असतील. आम्ही नवीन आहोत, अजून सगळ्यांना ओळखत नाही. चष्मा होता, आणि हाताला खडू लागलेला."

साहेब लिफ्टमधून बाहेर पडले आणि तिच्यामागोमाग आत गेले.

न्हाणीघर लहानसंच होतं. ओल्या साबणाचा वास होता आणि त्याखाली दुसरा, कोरडा, घशाशी येणारा. हा वास शाळा सुटल्यावर फळा पुसताना येतो, हे साहेबांना उगाचच आठवलं. त्यांनी जाळीसमोर पट्टी धरली. पट्टी लोंबकळत राहिली. गच्चीवरच्या पंख्याची घरघर भिंतीतून स्पष्ट येत होती, तरीही पट्टी हलेना. मग ती अगदी सावकाश जाळीकडे गेली. थांबली. सावकाश परत आली. पुन्हा गेली, पुन्हा आली. कुणी म्हातारं माणूस शेजारी झोपावं आणि त्याचा श्वास ऐकू यावा, त्या लयीत.

"तुमचं डोकं दुखतं का?" त्यांनी हळूच विचारलं.

"रोज. आणि हिला आंघोळ घातली, की ही तासन्‌तास उठत नाही. सासूबाई म्हणतात, गुणी पोर आहे हो..."

साहेबांनी आधी गिझरची तोटी बंद केली. "हिला घेऊन बाहेरच्या खोलीत जा. सगळ्या खिडक्या उघडा. आणि आजच डॉक्टरांना दाखवा, दोघींना. उद्यावर टाकू नका." पुढच्या खेपेला, उद्या, नंतर... हे शब्द उच्चारण्याचीही आता त्यांना किळस वाटली.

मग त्यांनी जाळीचे चार स्क्रू काढले. वीतभर आत एक फळी आडवी बसली होती. कधीकाळी दुरुस्तीला आलेले गवंडी ती काढायला विसरले असावेत. उभी पोकळी मोकळी, म्हणून तळ आणि माथा झकास ओढत होते. चौथ्याचं तोंड तेवढं बंद होतं. पट्टी धरली असती, तर अर्ध्या मिनिटात कळलं असतं.

फळीच्या अलीकडे, धुळीत, कागदाच्या पट्ट्या पडल्या होत्या. पिवळ्या नव्हे. वहीच्या रेघी कागदाच्या, कडेला लाल समास. प्रत्येकीवर तारीख, आणि खाली मोत्यासारख्या अक्षरात दोन शब्द. ओढत नाही. पहिल्या चार तारखा साहेबांनी ओळखल्या. त्याच दिवशी त्यांनी खाली उभं राहून दाखल्यावर सही केली होती.

पाचवी पट्टी गेल्या वर्षीची होती. बाई गेल्यानंतरची. 'साहेब आले, पण वर गेले.'

सहावीवर आजची तारीख होती. 'आज थांबतील.'

साहेब पालथ्या बादलीवर बसले आणि त्यांना रडू फुटलं. भीती होतीच, पण भीतीपेक्षा शरम मोठी होती. बाईंनी शेवटपर्यंत त्यांच्यावर विश्वास टाकला होता, आणि मेल्यावरही तो काढून घेतला नव्हता.

त्या संध्याकाळी त्यांनी वरिष्ठांना सगळं लिहून दिलं, स्वतःच्या चुकीसकट. मग कपाटातून आपल्या इमारतींची यादी काढली. एकशे बारा. दुसऱ्या दिवसापासून ते एकेक मजला बघू लागले. गुडघे बोलत होते, पण साहेब ऐकत नव्हते.

पाचव्या दिवशी, भर सकाळी, एका इमारतीच्या सहाव्या मजल्यावर त्यांनी घंटी दाबायला हात उचलला, तोच दार उघडलं. एक आजोबा उभे होते, चेहरा गोंधळलेला.

"आलात? बरं झालं. त्या बाई केव्हाच्या आल्यात."

"कुठे आहेत...?"

"न्हाणीघरात. आमची ही आंघोळीला गेलीये ना... बाई म्हणाल्या, मी आत तिच्यापाशी थांबते. साहेब आले की दार तोडायला सांगा." आजोबांनी कपाळाला आठ्या घातल्या. "पण कडी तर आतून आहे. त्या गेल्या कशा, तेच मला कळेना."

साहेब धावले. दाराआड गिझर भरभर जळत होता. पाणी पडत होतं. माणसाचा आवाज नव्हता.

त्यांनी दाराला खांदा लावला, आणि पायाशी काहीतरी सरकलं. फटीतून रेघी कागदाची एक पट्टी बाहेर आली होती. आजची तारीख, आणि खाली एकच शब्द, घाईत लिहिलेला. 'लवकर.'

शाई अजून ओली होती.