शेवटून पहिला

"ओल्या रस्त्यावर इतकी हवा भरू नका. चाक घसरेल."

मी दीपगृहापाशी गुडघे टेकून सायकलच्या चाकात हवा भरत होते. मान वर केली, तर पावसाच्या भुरभुरीत एक उंच माणूस उभा. कपाळावर चिकटलेले ओले केस, काखेत हेल्मेट आणि चेहऱ्यावर असं हसू, जणू तो काही बोललाच नव्हता.

"आपण?"

"तुमच्या या सहलीला डॉक्टरांबरोबर त्यांचे मित्र येणार होते, त्यांच्या जागी आलोय. त्यांना ऐनवेळी ताप आला ना... काल तुमच्या आत्यांशी फोनवर बोलणं झालंय."

"नेहमी चालवता सायकल?"

"छे, छे! अगदी नवशिका आहे. सांभाळून घ्या."

नवशिक्याला पाण्याची बाटली कुठे अडकवायची तेही कळत नाही, आणि हा मला चाकातल्या हवेबद्दल शिकवत होता! माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. थोडी हवा मात्र मी गुपचूप सोडून दिली... कारण त्याचं बरोबर होतं.

मी लोकांना सायकलवरून फिरवते. समुद्राच्या कडेने निघायचं, नदीचं खोरं धरून वर जायचं, डोंगर ओलांडायचा आणि पलीकडच्या रेल्वे स्टेशनवर निरोप घ्यायचा. सामानाची व्हॅन आत्या चालवते. आईच्या माघारी तिनेच मला वाढवलं, त्यामुळे व्हॅनबरोबर मलाही हाकायचा हक्क तिच्याकडे आहे. हे रस्ते मी एकटीने भटकून शोधलेत. कुठे सकाळी वारा पाठीशी असतो, कुठे बोगद्याआधी दिवा लावायचा, कुठल्या घराबाहेरचा कुत्रा नुसताच भुंकतो... सगळं मला पाठ. आणि तेच माझं भांडवल.

तेच एकदा चोरीला गेलं होतं. माझा एक भागीदार होता. भागीदारी धंद्यातली होती आणि, खोटं कशाला बोलू, मनातलीही होती. एक दिवस तो गेला, आणि पुढच्या हंगामात त्याच्या नव्या कंपनीच्या सहली माझ्याच रस्त्यांवरून धावायला लागल्या. जेवणाचा थांबासुद्धा माझाच. तेव्हापासून मी रस्ते कुणाला आधी सांगत नाही. आणि गोड बोलणाऱ्या माणसाकडे तर दोनदा बघते.

याच्याकडे मात्र मी दोनदापेक्षा जास्त वेळा बघत होते.

पहिल्या दिवशी तो सगळ्यांच्या मागे होता. गटात सगळ्यात शेवटी मी असते, कारण मागे पडलेल्याला बघणारं कुणीतरी लागतं. त्यामुळे अख्खा किनारा आम्ही दोघंच मागे. डॉक्टर आणि त्यांची बायको समोरच्या वाऱ्याशी झटत पुढे निघून गेले होते. हा मात्र रमतगमत... समुद्र बघतोय, बगळे बघतोय, वळून माझ्याकडे बघतोय.

"दमलात?" मी विचारलं.

"फार! तुम्ही नसता तर परत गेलो असतो."

दमलेल्या माणसाला असं सलग वाक्य बोलता येत नाही. आणि खड्डा आला की त्याचा हात आपोआप खाली जायचा, मागच्याला खूण करायला. मांडीवर, पँटच्या काठाशी, उन्हाने रापलेल्या कातडीची रेघ अशी स्वच्छ होती, की ती एका सुट्टीत उमटणं शक्यच नव्हतं.

"नवशिके आहात ना?"

"हो."

"खरंच?"

"तुम्ही सगळ्यांची अशी उलटतपासणी घेता, की माझ्यावर विशेष मेहेरबानी?"

माझे कान गरम झाले. उन्हानेच झाले असतील... ऊन तर नव्हतं.

मुक्कामाला पोचल्यावर आत्याने त्याचं बारसंच करून टाकलं. "काय गं, ती तुझी गोगलगाय पोचली का?"

"माझी कशाला?"

"दिवसभर तिच्यामागे तूच होतीस ना!"

दुसऱ्या दिवशी नदी लागली. दोन्ही बाजूंना ओली शेतं, मधून वळणं घेत जाणारा रस्ता, आणि एका ठिकाणी तरीतून, म्हणजे सपाट होडीतून, पलीकडे जायचं. होडी हलली तशी माझी सायकल कलंडली. त्याने ती एका हाताने धरली, दुसऱ्या हाताने मला.

"आता सोडलंत तरी चालेल," मी म्हणाले.

"सायकल की...?"

"दोन्ही!"

त्याने सोडलं, पण जरा उशिराच. मग पाण्याकडे बघत अगदी सहज विचारलं, "उद्या डोंगर कुठल्या बाजूने उतरणार आपण?"

झालं. तरीवरची सगळी गोडी त्या एका प्रश्नाने उतरली.

"का?"

"असंच. रस्ता कसा आहे? वळणं फार आहेत का? उतार किती आहे?"

भागीदारही असंच विचारायचा. अगदी असंच, असंच म्हणून.

संध्याकाळी आत्या मला स्वयंपाकघराच्या दारामागे ओढून घेऊन गेली. "ऐक. तुझी गोगलगाय अंगणात फोनवर बोलत होती. 'डोंगर तेवढा राहिलाय. नाही, तिला काहीच माहीत नाही. परत आल्यावर सांगू.' माझ्या कानांनी ऐकलंय."

"तिला म्हणजे... मला?"

"मग काय मला? मी रस्ते थोडीच शोधते!"

मला राग आला, तो त्याचा कमी आणि माझाच जास्त. तरीवरचा हात मी संध्याकाळपर्यंत मनात जपून ठेवला होता!

या हंगामासाठी मी डोंगर उतरायला नवा रस्ता शोधला होता. जंगलातून जाणारा, सावलीचा, हळूहळू उतरत जाणारा. अजून कुणाला ठाऊक नव्हता. मी तिथल्या तिथे ठरवलं, तो उद्या दाखवायचा नाही. सकाळी सांगितलं, "आज जुन्या घाटाने उतरू." जुना घाट सगळ्यांना माहीत आहे. डांबर चांगलं, पण उतार तीव्र आणि वळणं एकावर एक. डॉक्टर खूश झाले. गोगलगाईचा चेहरा मात्र उतरला. बरा सापडला, असं मला वाटलं.

घाटमाथ्यावर धुकं होतं. डॉक्टर-डॉक्टरीणबाई ओरडत, हसत खाली निघून गेले. मी नेहमीसारखी त्याच्या मागे. तो चढ चढून आला. श्वास एकदम शांत. पहिल्या वळणाशी गेला आणि सायकलवरून उतरला.

"फोटो काढायचाय?" माझा आवाज मलाच कडू लागला. "काढा ना. पण हा रस्ता जुना आहे, फुकट गेली तुमची खेप. कुणी पाठवलंय तुम्हाला? त्यानेच ना?"

"कोणी?"

"नाटक पुरे! नवशिके नाही आहात तुम्ही. पहिल्या दिवसापासून खोटं बोलताय."

"हो," तो म्हणाला. "खोटं बोललो."

मी पुढचं बोलायला तोंड उघडलं, आणि माझं लक्ष त्याच्या हातांकडे गेलं. ब्रेकवर आवळलेली बोटं पांढरी पडली होती. थरथरत होती.

"मी शर्यतीत सायकल चालवायचो. बरीच वर्षं. मग असाच एक घाट... ओलं वळण. पडलो. खुबा मोडला. हाड जुळलं, पण त्यानंतर उतार दिसला की हात असे होतात." तो हसायचा प्रयत्न करत होता. "शर्यतीतला आहे म्हटलं तर लोक पुढे ढकलतात. घाबरतो म्हटलं तर पाठ थोपटतात. मला दोन्ही नको होतं. म्हटलं, जिथे कुणी ओळखत नाही तिथे एक डोंगर उतरून बघू."

"आणि तो फोन? 'तिला काही माहीत नाही'?"

"तुम्ही ऐकलंत?"

"आत्याने."

"'तिला' म्हणजे आईला. भावाशी बोलत होतो. मी परत सायकलवर बसलोय हे आईला कळलं, तर ती उद्या इथे हजर होईल."

धुकं आमच्यामधून सरकत गेलं. त्याच्यासाठी सोपा रस्ता होता, आणि तो मी त्याच्यावरच्याच संशयाने लपवला होता. त्याला मी हे सांगितलं. सगळं... भागीदारापासून जंगलातल्या रस्त्यापर्यंत.

तो बघतच राहिला. मग इतका हसला, की हातांची थरथर क्षणभर थांबली. "म्हणजे हा घाट खास माझ्यासाठी?"

"व्हॅन बोलावू? आत्या खालून येईल."

"नको." तो खाली बघत होता. "चालत उतरलो तर चालेल?"

आम्ही चालत निघालो. सायकली हातात, पायांखाली ओलं डांबर. चार वळणं चालून झाल्यावर तो थांबला आणि सायकलवर बसला. मी त्याच्या पुढे गेले.

"माझ्या मागे या. ब्रेक वळणाच्या आधी. बाहेरचा पाय खाली. नजर खड्ड्यात नको, वळण जिथे संपतं तिथे."

"हे मी शिकवायचो लोकांना!"

"मग ऐका ना आता! डावं वळण... सोडा ब्रेक... सोडा!"

मागून त्याच्या चाकांचा आवाज येत होता. अडखळत, मग जरा सलग. मी प्रत्येक वळण ओरडून सांगत होते, आणि तो प्रत्येक वेळी "हो" म्हणत होता. शेवटची वळणं मी सांगितलीच नाहीत. खाली पुलावर पोचलो तेव्हा त्याचे डोळे वाऱ्याने भरून आले होते, निदान तो तसं म्हणाला.

मी कठड्याला टेकले. अंगात जीव उरला नव्हता, पण डोकं चालूच होतं.

"एक विचारू? उताराची भीती समजली. पण किनाऱ्यावर कुठे उतार होता? तिथे का मागे राहिलात?"

नदीकडे बघत तो म्हणाला, "तिथे... तू मागे होतीस."

तुम्हीचं तू कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही. नदीचा आवाज तेवढा येत होता.

स्टेशनवर आत्याने त्याची सायकल व्हॅनमधून उतरवून दिली, आणि डोळे बारीक करून त्याला आपादमस्तक न्याहाळलं. मी तिला त्या फोनचं सगळं सांगितलं होतं, तरी ती पुटपुटलीच, "आई म्हणे! बघू." मग डॉक्टरांना घेऊन चहाला गेली. जाताना मला कोपर मारायला विसरली नाही.

फलाटावर आम्ही दोघं. त्याची गाडी समोर उभी.

"पुन्हा भेटशील?" त्याने विचारलं.

"माहीत नाही. मी अशीच आहे. उद्या तू उशिरा फोन उचललास तरी मला वाटेल, काहीतरी लपवतोय. एक घाट उतरले म्हणून हे जाणार नाही रे."

"मग घे ना शंका. रोज एक. मी रोज उत्तर देईन."

"कंटाळशील."

"ही पहिली शंका का?"

मी हसले. डोळे पुसले आणि अगदी फौजदारासारखा आवाज काढला. "नाही. पहिली अशी... तुझी गाडी किती वाजताची आहे?"

त्याच्या पाठीमागे डबे हलले. हळूहळू, मग वेगाने, एकेक खिडकी पुढे सरकत गेली. शेवटचा डबाही गेला, आणि फलाटावर ऊन पसरलं. त्याने मान वळवून बघितलंसुद्धा नाही.

"कुठली गाडी?" तो म्हणाला.