सत्तेचाळीस नंबरची डबी

दार लोटून घे ग, वारा येतोय. खिडकी मात्र उघडीच राहू दे.

भुताची गोष्ट हवी ना? मग ऐका. ही माझ्या ओळखीच्या माणसाची आहे. तुमचा हा मामा निवृत्त होईपर्यंत छातीच्या दवाखान्यात औषधं द्यायचा, हे तुम्हाला माहीत आहे. माझ्या शेजारच्या खोलीत थुंकीची तपासणी व्हायची. तिथे बसायचा त्याला आम्ही भिंगवाला म्हणत असू. बावीस वर्षं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावलेला माणूस. चहाच्या कपातसुद्धा एक डोळा मिटून बघायचा.

काम असं. लोक डबीत बेडका आणून देत. हा तो काचेवर पसरे, लाल रंग ओतून खालून ज्योत फिरवी, धुई, मग निळा रंग. टीबीचे जंतू असले तर निळ्यावर लाल काड्या दिसतात. दोन नमुने घ्यायचे. एक आल्या आल्या, दुसरा सकाळी उठल्या उठल्या, छातीतून खोल खाकरून काढलेला. पहिल्या वेळी लोक लाजतात आणि नुसती लाळ देतात, त्यात काही सापडत नाही. सगळी मदार सकाळच्या डबीवर.

"मामा, भूत कधी येणार? हे तर आरोग्य खात्याचं भाषण झालं!"

येईल ग, त्याला काय घाई? आपल्यालाच असते.

भिंगवाल्याची एक खोड होती. नंबर तो झाकणावर लिहायचा. प्रशिक्षणात बजावून सांगतात, की नंबर डबीच्या अंगावर लिहा, झाकणावर कधीच नाही. झाकण डबीला सोडून जातं. पण डबीचं पोट गोल, पेन घसरतं, आणि झाकण कसं सपाट, हाताखालचं. मी एकदा म्हटलं, तर म्हणाला, "बावीस वर्षांत एक तरी चुकलं का? तू तुझ्या गोळ्या मोज."

ऑक्टोबरात एक पॉलिशवाला आला. फरश्या घासायचा. दिवसभर मशीन फिरवायचं आणि दगडाची भुकटी नाकातोंडात घ्यायची. पापण्यासुद्धा पांढऱ्या. वय पस्तीस, वर साखरेचा आजार. महिनाभर खोकला, संध्याकाळी कणकण, रात्री घामाने उशी ओली, पट्ट्याला दोन नवी भोकं पाडलेली. एका खोलीत चौघं राहायची. तो, बायको, म्हातारी आई आणि चार वर्षांची मुलगी. भुकटी आत येते म्हणून खिडकीला खिळे ठोकलेले.

आता इतकं सगळं ऐकल्यावर तुम्हीसुद्धा सांगाल, काय असेल ते.

माणूस शहाणा होता. दवाखान्यात येण्याआधीपासूनच तो जिन्याखाली एकटा झोपत होता. मुलगी रडायची. तिला बापाच्या सदऱ्यावरची भुकटी बोटाने पुसायची सवय होती. तो लांबूनच म्हणायचा, "कळ काढ बेटा."

त्याची डबी सत्तेचाळीस. मागोमाग एका वॉचमनची, अठ्ठेचाळीस.

अहवाल आला. सत्तेचाळीसमध्ये जंतू नाहीत. अठ्ठेचाळीसमध्ये आहेत.

पॉलिशवाला माझ्या खिडकीशी येऊन हसला. "वाचलो हो! धुळीचाच खोकला." नोव्हेंबरात परत आला, आणखी वाळलेला. खरं तर तेव्हा छातीचा फोटो काढायला हवा होता. अहवाल काहीही सांगो, खोकला थांबत नसेल तर काढायचाच असतो. पण फोटोला अर्धा दिवस जातो, कामावर खाडा पडतो. तो म्हणाला, "अहवाल चांगला आहे ना? मग बाटली द्या." मी कफाची बाटली दिली. दोनदा दिली.

ते असो.

नऊ डिसेंबर, मंगळवार. फेरतपासणीसाठी काचांचा डबा सकाळी सातच्या गाडीने जायचा होता आणि भिंगवाला तो भरायला विसरला होता. जेवला, स्वेटर चढवला, बायकोला म्हणाला, "आलोच अर्ध्या तासात." पावणेदहाला दवाखाना उघडला. दिवा लावला. काचा पुसून एकेक डब्यात ठेवू लागला.

नमुने घ्यायच्या खिडकीवर टकटक झाली.

बाहेर एकजण उभा होता. तोंडाला रुमाल. भुवया पांढऱ्या.

"साहेब, नमुना द्यायचाय."

"ही काय वेळ झाली? सकाळी या. सकाळचाच लागतो."

"सकाळचाच आहे."

"उद्या आणा हो."

"माझा तपासलाच नाही तुम्ही..."

आणि खोकला. ओला, खोल. थांबेचना. भिंगवाल्याने वैतागून डबी आत घेतली.

"नंबर?"

"सत्तेचाळीस."

त्याने सवयीने झाकण बघितलं. कोरं. डबी फिरवली. नंबर अंगावर होता. शाईचा नव्हता. कोरलेला. वरून घासून गुळगुळीत केलेला.

मान वर केली. खिडकीत कुणी नाही.

खोकला मात्र होता. भिंतीपलीकडे... मग दाराशी.

त्याने काच केली. का केली, त्याला सांगता येत नाही. हात आपोआप चालले. लाल रंग. ज्योत. पाणी. निळा. डोळा लावला.

शंभर ठिकाणी बघायचं असतं. पहिल्याच ठिकाणी... लाल काड्या. सरकवलं. काड्या. पुन्हा सरकवलं. निळं दिसेचना.

वही काढली. ऑक्टोबर. सत्तेचाळीस, जंतू नाहीत.

तेव्हा त्याला ती सकाळ आठवली. दोन डब्या उघड्या. दोन झाकणं टेबलावर. फोन वाजला होता. तो उठला होता...

खोकला थांबला.

वहीत पत्ता होता. स्कूटर काढून तो तसाच गेला. साडेदहा वाजले होते. दार बायकोने उघडलं.

"पेशंट कुठे आहेत?"

"कोण तुम्ही?"

"दवाखान्यातून आलोय. आत्ता डबी देऊन गेले..."

"शनिवारी पहाटे गेले ते," ती म्हणाली. "रक्ताची गुळणी आली. रिक्षा मिळेपर्यंत..."

आत खिळे मारलेली खिडकी. म्हातारी सासू भिंतीला टेकलेली. चटईवर मुलगी, तापलेली. पंधरा दिवस अंगात ताप. मान वाकवली की किंचाळायची.

भिंगवाल्याने सांगितलं. सगळं सांगितलं. झाकणांचंही. तो रडला असता तर बरं झालं असतं, पण तिच्यासमोर त्याला तेवढंही करवेना.

तिने एकच विचारलं. "म्हणजे ते जिन्याखाली झोपत होते, तेच बरोबर होतं?"

मग स्वतःशीच म्हणाली,

"अहवाल आला त्या रात्री आत आले. पोरगी त्यांच्या कुशीतून हललीच नाही मग. मीच म्हटलं होतं, झोपू दे."

...

वॉचमनचं विचारतेयस? त्याला जुन्या विड्यांचा खोकला होता. दोन महिने गोळ्या खाल्ल्या. "गुण आला बरं का," म्हणून आम्हाला पेढे घेऊन आला. ते कुणाच्या घशाखाली उतरले नाहीत.

मुलगी वाचली. त्याच रात्री मोठ्या दवाखान्यात नेली. लहान मुलांत हा रोग मेंदूच्या वेष्टणात शिरतो. बेडकाही काढता येत नाही त्यांना, कळायलाच उशीर होतो. औषधं वर्षभर चालली. पण कान गेले. आता तिला काहीच ऐकू येत नाही.

भिंगवाल्याने सगळं लिहून दिलं, चौकशी झाली, त्याची बदली झाली. झाकणावर त्याने पुन्हा कधी लिहिलं नाही. उपयोग काय.

त्या रात्रीची काच वरिष्ठांनी बघितली. कोरी निघाली. नुसती काच. आणि वापरलेल्या डब्या आम्ही त्याच दिवशी औषधात बुडवून जाळतो. ऑक्टोबरची डबी डिसेंबरात असणंच शक्य नाही.

पण डबी होती. त्याने ती उकळली, औषधात बुडवली, पुन्हा उकळली. बदलीच्या दिवशी माझ्या हातात दिली. "मला ठेववत नाही," म्हणाला. मलाही फेकवली नाही. कोरलेला आकडा मी ब्रशने घासला होता. त्यात काहीही नव्हतं.

मुलीच्या गोळ्या शेवटपर्यंत माझ्याच खिडकीवरून जायच्या. एकदा आईबरोबर आली होती. आई सही करत होती. मुलीला टेबलावर डबी दिसली. तिने ती उचलली, फिरवली आणि आकड्यावरून हळूच बोट फिरवलं.

मग बोट झग्याला पुसलं.

झग्यावर पांढरी रेघ उमटली. दगडाच्या भुकटीची.